स्कायरिमच्या सावल्या: जुन्या आवृत्तीतील छायांकनाचे परीक्षण

‘द एल्डर स्क्रोल्स ५: स्कायरिम’ हा खेळ ११ नोव्हेंबर २०११ रोजी प्रकाशित झाला आणि त्याची मूळ ३२-बिट आवृत्ती आजही अनेकांच्या ‘स्टीम’ या ऑनलाइन गेम-दुकानातील खात्यात आहे. बेथेस्डा या कंपनीच्या या खेळाची कथा, त्यातील ड्रॅगन आणि त्याचे संगीत यांविषयी पुष्कळ लिहून झालेले आहे. त्यात भर घालण्याचा माझा विचार नाही. या खेळातील सावल्या आणि एकूण छायांकन आज किती सुधारता येते, आणि त्यासाठी उपलब्ध असलेल्या सोयींपैकी कोणत्या खरोखर कामाच्या आहेत, एवढेच येथे पाहायचे आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. लाँचरमध्ये, म्हणजे खेळाआधी उघडणाऱ्या छोट्या खिडकीत, सावल्यांच्या दर्जासाठी ‘अल्ट्रा’ नावाचा जो सर्वांत वरचा पर्याय दिलेला आहे, तो जवळच्या सावल्यांच्या दृष्टीने सर्वोत्तम नाही. त्याच पर्यायातील एक आकडा निम्म्यावर आणला, तर चित्र अधिक रेखीव होते आणि संगणकावरचा भारही हलका होतो. बाकीच्या युक्त्यांचा विचार त्यानंतर करावा.

परीक्षणासाठी वापरलेला संगणक साधाच आहे. फोंडा तालुक्यातल्या आमच्या घरी असलेला हा डेस्कटॉप एका कार्यालयाने मोडीत काढलेला आहे. त्याचा प्रोसेसर चौथ्या पिढीचा कोअर आय५ असून रॅम ८ जीबी आहे, आणि त्यात जीफोर्स जीटीएक्स १०५० टीआय हे ४ जीबीचे कार्ड नंतर बसवलेले आहे. २०१६ साली आलेले हे कार्ड ७५ वॅटमध्ये चालते आणि त्याच्या अनेक नमुन्यांना वीजपुरवठ्याची वेगळी तार लागत नाही, त्यामुळे कार्यालयीन संगणकांतल्या लहान पॉवर सप्लायवरही ते विनातक्रार काम करते. पडदा १९२० गुणिले १०८० ठिपक्यांचा आहे. पाहण्याच्या वेळेबद्दलही एक गोष्ट नमूद केली पाहिजे. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे दुपारी खिडकीतून जो लख्ख उजेड आत येतो, त्यात पडद्यावरचा काळोखा भाग नीट दिसतच नाही. म्हणून खाली नोंदवलेली सर्व मते दिवेलागणीनंतर, खोलीत एकच दिवा ठेवून पाहिलेल्या चित्रावरून बनवलेली आहेत.

आता मूळ मुद्दा. स्कायरिममध्ये सूर्याची सावली ‘शॅडो मॅप’ या पद्धतीने काढली जाते. लान्स विल्यम्स यांनी १९७८ साली मांडलेल्या या पद्धतीत इंजिन आधी सूर्याच्या जागेवरून दृश्य पाहते, तेथून कोणती वस्तू किती अंतरावर आहे याची नोंद एका चौकोनी चित्रात करून ठेवते, आणि मग खेळाडूच्या डोळ्यांना दिसणारा प्रत्येक बिंदू त्या नोंदीशी ताडून पाहते. सूर्याला दिसलेल्या वस्तूपेक्षा तो बिंदू दूर असेल तर तो सावलीत आहे असे ठरते. पद्धत सरळ आहे, पण त्या चौकोनी चित्रातील ठिपक्यांची संख्या ठरलेली असते, आणि तेवढ्याच ठिपक्यांत सावली पडू शकेल असा सगळा परिसर बसवावा लागतो. परिसर जितका मोठा, तितका एकेका ठिपक्याच्या वाट्याला येणारा जमिनीचा तुकडा मोठा, आणि तितकी सावलीची कड दातेरी.

‘अल्ट्रा’ निवडल्यावर लाँचर दोन गोष्टी एकदम करतो. शॅडो मॅपचा आकार तो ४०९६ ठिपक्यांवर नेतो, ही चांगली गोष्ट आहे. पण त्याच वेळी सावल्यांचे अंतर, म्हणजे खेळाच्या सेटिंग्जच्या फाइलीतील ‘शॅडो डिस्टन्स’, तो ८००० एककांवर नेतो. या खेळात साधारण ७० एककांचा एक मीटर होतो, म्हणजे सावल्या जवळजवळ ११४ मीटरपर्यंत दिसू लागतात. दूरच्या झाडाखाली सावली दिसते खरी, पण वाढवलेल्या ठिपक्यांचा मोठा भाग त्या दूरच्या झाडांवर खर्च होतो आणि पायाजवळच्या सावलीच्या वाट्याला फारसे काही उरत नाही. संवादाच्या वेळी समोरच्या पात्राच्या नाकाखाली, गालावर आणि दाढीत जे चौकोनी काळे तुकडे सरकताना दिसतात, त्यांचे मुख्य कारण हेच. हे अंतर ४००० वर आणले, तर ढोबळ हिशेबाने प्रत्येक ठिपक्याची बाजू निम्मी होते आणि त्याने व्यापलेले क्षेत्र एक चतुर्थांशावर येते. रिव्हरवुड गावात शिरताना लाकडी कठड्यांची जी सावली रस्त्यावर पडते, तिच्यातील आडव्या पट्ट्या ८००० वर एकमेकींत मिसळलेल्या दिसतात आणि ४००० वर सुट्या होतात. ३००० वर त्या आणखी रेखीव होतात, परंतु मग सावल्यांची हद्द इतकी जवळ येते की चालताना ती पुढेपुढे सरकत असल्याचे ध्यानात येऊ लागते. व्हाइटरनभोवतीच्या उघड्या माळावर झाडेच विरळ असल्यामुळे ते खपून जाते. दक्षिणेकडील फॉकरीथच्या दाट रानात मात्र ते खटकते. माझी पसंती ४००० ला आहे.

हा बदल लाँचरमधून करता येत नाही. त्यासाठी ‘डॉक्युमेंट्स’ फोल्डरमधील ‘माय गेम्स’मधल्या ‘स्कायरिम’ या फोल्डरात जाऊन ‘स्कायरिम प्रेफ्स’ ही आयएनआय (सेटिंग्ज साठवणारी साधी मजकुराची) फाइल नोटपॅडमध्ये उघडावी लागते आणि ‘डिस्प्ले’ या शीर्षकाखालील ओळ शोधावी लागते. फाइलीतील प्रत्येक नावाच्या आरंभी एक लहान अक्षर असते: पूर्णांकासाठी आय, दशांशासाठी एफ आणि होय-नाही अशा निवडीसाठी बी. त्यामुळे शॅडो डिस्टन्सची ओळ एफ या अक्षराने सुरू होते आणि शॅडो मॅप रिझोल्यूशनची आय या अक्षराने. बदल करण्यापूर्वी फाइलीची एक प्रत अवश्य ठेवावी, कारण लाँचरमध्ये जाऊन दर्जाचा एखादा तयार पर्याय पुन्हा निवडला की तो ही मूल्ये स्वतःच्या मूल्यांनी पुसून टाकतो. एका ओळीसाठी एवढा खटाटोप करायला लावणे ही या आवृत्तीची उणीवच म्हणावी लागेल. सावल्यांचे अंतर आणि सावल्यांची बारकाई या दोन वेगळ्या गोष्टी असताना त्यांना एकाच नियंत्रणात बांधण्याचे काही कारण नव्हते.

शॅडो मॅप ४०९६ च्याही वर, ८१९२ पर्यंत नेण्याचा सल्ला पुष्कळ ठिकाणी दिला जातो. प्रत्येक ठिपक्याला चार बाइट धरले, तर ४०९६ च्या नकाशाला ६४ एमबी लागतात आणि ८१९२ च्या नकाशाला २५६ एमबी. चार जीबीच्या कार्डावर ही जागा सापडते, दोन जीबीच्या कार्डावर ती उच्च दर्जाच्या टेक्श्चरांशी (वस्तूंच्या पृष्ठभागांवर चढवलेल्या चित्रांशी) भांडू लागते. शिवाय मूळ आवृत्ती ३२-बिट असल्यामुळे, नंतर आलेल्या दुरुस्तीनंतरही (पॅचनंतरही), तिला एकूण ४ जीबीपेक्षा अधिक स्मृती वापरताच येत नाही. अंतर ४००० ठेवले असेल, तर ४०९६ आणि ८१९२ यांतील फरक उभे राहून निरखल्यावर कळतो, खेळताना कळत नाही. तो खर्च मी अनावश्यक मानतो.

सावलीची कड मऊ करणारी ओळ ‘ब्लर डिफर्ड शॅडो मास्क’ या नावाची आहे. तिचे मूल्य वाढवले की कड पसरते व दातेरीपणा झाकला जातो. फार वाढवले की कठड्याच्या पट्ट्या पुन्हा एकमेकींत मिसळतात आणि अंतर कमी करून मिळवलेले सारे वाया जाते. येथे लाँचरने दिलेले मूल्य तसेच ठेवणे उत्तम. ‘शॅडो बायस स्केल’ ही ओळ थोडी अधिक लक्ष देण्याजोगी आहे. शॅडो मॅपच्या पद्धतीत एखादा पृष्ठभाग मोजमापातील सूक्ष्म चुकीमुळे स्वतःवरच सावली टाकू लागतो आणि त्यावर समांतर काळे पट्टे उमटतात. ते टाळण्यासाठी तुलनेत थोडी सूट दिली जाते, ती सूट म्हणजे हे मूल्य. सूट कमी पडली तर चेहऱ्यावर पट्टे येतात, जास्त झाली तर सावली पायांपासून सुटते आणि माणूस जमिनीवर तरंगत असल्यासारखा भासतो. अंतर निम्मे केल्यावर पट्टे आपोआपच बारीक होत असल्यामुळे या ओळीला हात लावण्याची गरज सहसा पडत नाही, हा त्या पहिल्या बदलाचा आणखी एक लाभ.

वेगाबद्दल एक गैरसमज दूर केला पाहिजे. चित्र अडखळू लागले की नवे ग्राफिक्स कार्ड घ्यावे असे दुकानदार सांगतात, पण या खेळात सावल्यांचे अंतर वाढवल्यामुळे येणारा भार फार मोठ्या प्रमाणात प्रोसेसरवर पडतो. सावलीच्या हद्दीत येणारी प्रत्येक वस्तू एकदा सूर्याच्या बाजूने आणि एकदा खेळाडूच्या बाजूने अशी दोनदा रेखाटावी लागते, आणि ती रेखाटण्याच्या आज्ञा कार्डाकडे पाठवण्याचे काम प्रोसेसरचे असते. डायरेक्टएक्स ९ (विंडोजमधील चित्ररेखाटनाची जुनी प्रणाली) च्या काळातील हा खेळ ते काम प्रोसेसरच्या अनेक गाभ्यांत (कोअरमध्ये) नीट वाटूनही घेत नाही. व्हाइटरनच्या बाजारपेठेत ८००० वर चित्र अडखळत असेल, तर दुप्पट ताकदीचे कार्ड बसवूनही ते अडखळतच राहील, आणि तीच ओळ ४००० वर आणली तर जुन्या कार्डावरही सुरळीत चालेल. सेकंदाला ६० चित्रांच्या वर जाण्याचा हव्यासही येथे धरू नये, कारण मूळ आवृत्तीत वस्तूंच्या हालचालींचे गणित या वेगाशी बांधलेले आहे. तो ओलांडला की टेबलावरची भांडी आपोआप उडू लागतात.

त्याच फाइलीत होय-नाही प्रकारच्या दोन ओळी आहेत. ‘ट्रीज रिसीव्ह शॅडोज’ ही ओळ मुळात बंद असते, त्यामुळे एका झाडाची सावली दुसऱ्या झाडावर पडत नाही आणि रान सपाट दिसते. ती सुरू करावी. या साऱ्या परीक्षणात सर्वांत कमी श्रमात सर्वांत दृश्य फळ देणारी ओळ ती हीच. ‘ड्रॉ लँड शॅडोज’ सुरू केल्यावर जमिनीच्या उंचवट्यांचीही सावली पडते. डोंगराळ मुलखात ते सकाळ-संध्याकाळी छान दिसते, पण त्याचा लाभ प्रसंगानुसारच मिळतो.

सावल्यांच्या हालचालीतील दोषाला मात्र समाधानकारक उपाय नाही. या खेळात काळ खऱ्या काळाच्या वीसपट वेगाने धावतो, म्हणजे खेळातील एक दिवस ७२ मिनिटांत संपतो, आणि एवढ्या वेगाने सरकणाऱ्या सूर्याची सावली इंजिन सतत न बदलता ठरावीक टप्प्यांनी बदलते. परिणामी उभ्या असलेल्या झाडाची सावली काही काळ स्थिर राहते आणि मग अचानक धक्का खाऊन सरकते. ‘स्कायरिम’ नावाच्या दुसऱ्या आयएनआय फाइलीत ‘सन अपडेट थ्रेशोल्ड’ ही ओळ घालून हा टप्पा लहान-मोठा करता येतो. टप्पा लहान केला तर सावल्या सतत थरथरत राहतात. मोठा केला तर धक्के क्वचित बसतात, पण मोठे बसतात. यांपैकी दुसरा प्रकार डोळ्यांना कमी त्रासाचा आहे. कन्सोलमधून, म्हणजे खेळातच उघडणाऱ्या आज्ञा लिहिण्याच्या चौकटीतून, काळाचा वेग वीसवरून दहावर आणला, तर धक्क्यांची वारंवारता निम्मी होते आणि खेळाच्या चालीलाही एक बरा संथपणा येतो. मला तो मानवला, परंतु ज्यांना झटपट रात्र व्हायला हवी असते त्यांना तो मानवेलच असे नाही.

येथवरचा विचार सूर्याच्या थेट सावलीचा झाला. छायांकनाचा दुसरा भाग त्याहून सूक्ष्म आहे. श्रावणातल्या ढगाळ दिवशी, ऊन मुळीच नसताना, गिलावा न केलेल्या चिऱ्यांच्या भिंतीकडे पाहिले तर चिऱ्यांमधल्या सांध्यांत आणि भिंत जमिनीला टेकते त्या कोनात काळोखी दिसतेच. सर्व बाजूंनी येणारा मंद उजेड त्या खोबणींत पुरता पोहोचत नाही, एवढेच त्याचे कारण. या परिणामाला ‘ॲम्बियंट ऑक्ल्यूजन’ म्हणतात. चालू खेळात पडद्यावरील खोलीच्या (‘डेप्थ’च्या, म्हणजे प्रत्येक ठिपका किती अंतरावर आहे याच्या) नोंदीवरून तो काढण्याची युक्ती क्रायटेक कंपनीतील व्लादिमिर काजालिन यांनी ‘क्रायसिस’ या २००७ सालच्या खेळासाठी वापरली आणि तेथून ती सर्वत्र पसरली. मूळ स्कायरिममध्ये ती सोय नाही. त्यामुळे घरातील टेबल, पिंपे आणि खुर्च्या जमिनीवर ठेवलेल्या न वाटता चिकटवलेल्या वाटतात.

ही उणीव भरून काढण्याचे दोन मार्ग आहेत. एनव्हिडियाचे कार्ड असेल, तर नियंत्रण पॅनेलमध्ये या खेळाच्या नावाखाली ॲम्बियंट ऑक्ल्यूजनचा पर्याय मिळतो आणि त्यात ‘परफॉर्मन्स’ व ‘क्वालिटी’ अशा दोन पायऱ्या असतात. काहीही वेगळे उतरवून घ्यावे लागत नाही, ही त्याची मोठी सोय. १०५० टीआय कार्डावर पहिली पायरी आरामात चालते. दुसरीने वेग बराच खाली येतो आणि चित्रात त्या मानाने भर पडत नाही. दुसरा मार्ग ‘रीशेड’ या मोफत साधनाचा. हे साधन खेळाच्या फोल्डरात एक डीएलएल फाइल ठेवून चित्रावर नंतरची प्रक्रिया करते, आणि त्याच्यासाठी पास्कल गिल्चर यांनी लिहिलेला ‘एमएक्सएओ’ हा छायांकनाचा परिणाम माझ्या मते ड्रायव्हरमधील पर्यायापेक्षा अधिक देखणा आहे, कारण त्याची तीव्रता, व्याप्ती आणि नमुन्यांची संख्या खेळ चालू असतानाच ‘होम’ कळ दाबून बदलता येते. मात्र तो चालण्यासाठी लाँचरमधील अँटीअलायझिंग (वस्तूंच्या दातेरी कडा गुळगुळीत करणारी सोय) बंद ठेवावे लागते, नाहीतर रीशेडला खोलीची नोंद मिळत नाही आणि काहीच घडत नाही. त्या जागी ‘एफएक्सएए’ हा त्याचाच हलका प्रकार सुरू करता येतो, पण त्याने चित्र किंचित पुसट होते. हा एकट्याने खेळायचा खेळ असल्यामुळे फसवणुकीच्या शंकेने खाते बंद होण्याची धास्ती येथे नाही.

दोन्ही मार्गांत एक दोष समान आहे आणि तो याच खेळात विशेष जाणवतो. हे परिणाम खेळाचे चित्र तयार झाल्यानंतर त्यावर चढवले जातात, आणि तोवर धुके चित्रात मिसळून गेलेले असते. त्यामुळे धुक्याआड असलेल्या खडकाभोवतीही काळी किनार उमटते, जणू ती धुक्याच्या अलीकडून काढली आहे. स्कायरिमच्या उत्तर भागात धुके आणि हिमवर्षाव पाचवीलाच पुजलेले असल्यामुळे हा दोष दुर्लक्षून चालत नाही. एमएक्सएओमध्ये ठरावीक अंतरापलीकडे परिणाम विरवत नेण्याची सोय आहे. ती वापरून मी तो जवळच्या वस्तूंपुरता मर्यादित ठेवला आणि तीव्रता मूळ मूल्याच्या बरीच खाली आणली. परिणाम आहे हे सांगावे लागू नये आणि बंद केल्यावर मात्र उणीव भासावी, इतपतच तो असावा.

बोरिस व्होरोन्त्सोव्ह यांचे ‘ईएनबी’ हे साधन याहून पुष्कळ पुढे जाते आणि प्रकाशाची जवळजवळ सगळी मांडणीच बदलते. फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकणारा माझा भाचा त्याचा कट्टर पुरस्कर्ता असून, “मामा, तुम्ही ईएनबी लावल्याशिवाय स्कायरिम पाहिलेच नाही,” असे तो सुनावतो. त्याच्या संगणकावरचे चित्र सुंदर आहे यात वाद नाही, पण ते मूळ खेळाचे चित्र उरलेले नाही. शिवाय त्याला लागणारी ताकद वर वर्णन केलेल्या संगणकाकडे नाही. म्हणून त्याचे सविस्तर परीक्षण येथे करत नाही.

२८ ऑक्टोबर २०१६ रोजी आलेल्या ‘स्पेशल एडिशन’ या ६४-बिट आवृत्तीचा उल्लेख मात्र आवश्यक आहे. ती डायरेक्टएक्स ११ वर चालते, तिच्यात ॲम्बियंट ऑक्ल्यूजन लाँचरमध्येच आहे, सावल्यांचे अंतर आणि दर्जा वेगवेगळे निवडता येतात, आणि धुक्यातून उतरणारे सूर्यकिरणही आहेत. ते किरण देखणे असले तरी महागडे आहेत. १०५० टीआय कार्डावर त्यांचा दर्जा सर्वांत खालचा ठेवावा. ज्यांच्याकडे ही आवृत्ती आहे त्यांनी फाइलींची वरील उठाठेव करण्याऐवजी तीच वापरावी. जुन्या आवृत्तीवर बेतलेल्या सुधारणा (मॉड) आणि त्यांवर चालणारी खेळाची जुनी साठवण (सेव्ह) ज्यांना सोडवत नाही, त्यांच्यासाठीच हे लेखन आहे.

घरांच्या आणि गुहांच्या आतील सावल्यांना या साऱ्याचा फारसा उपयोग होत नाही. सावली टाकू शकणारे दिवे एका वेळी चारच असू शकतात, ही इंजिनाची मर्यादा आहे. त्यामुळे दहा मेणबत्त्यांच्या दालनातही बहुतेक मेणबत्त्यांचा उजेड भिंतीपलीकडे झिरपल्यासारखा वाटतो. तेथे केवळ ॲम्बियंट ऑक्ल्यूजनने थोडी भर पडते, आणि म्हणूनच आतल्या दृश्यांसाठी तो सुरू ठेवावा असा माझा आग्रह आहे.

ज्यांच्याकडे वेगळे कार्ड नाही आणि प्रोसेसरमधील ग्राफिक्सवरच भागवायचे आहे, त्यांनी शॅडो मॅप २०४८ आणि अंतर ३००० ठेवावे, झाडांवरील सावल्या सुरू कराव्यात आणि ॲम्बियंट ऑक्ल्यूजनच्या वाटेला जाऊ नये. रिव्हरवुडच्या रस्त्यावरील कठड्याच्या पट्ट्या त्यांनाही ‘अल्ट्रा’वाल्या शेजाऱ्यापेक्षा काही कमी रेखीव दिसणार नाहीत.